पांझरेकांठचें पिंपळनेर आणि कांचेंतलें पाणी

नाशिकहून सटाणा व ताहाराबाद हीं गांवें मागें टाकून उत्तरेच्या रोखानें निघालें म्हणजे शेलबारीची खिंड लागते. खिंडीच्या अलीकडे बागलाण, पलीकडे खानदेश. पश्चिमेच्या अंगाला मांगी-तुंगीचीं जोड शिखरें बराच वेळ प्रवाशाची सोबत करतात. आणि मग घाट उतरून गाडी पांझरेच्या खोऱ्यांत शिरली कीं हवा, बोली आणि शेतांचा रंग हे तिन्ही एकदम पालटतात. याच खोऱ्याच्या वरच्या टोंकाला, धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत, पिंपळनेर हें गांव आहे. प्रवासवर्णनांतून ज्यांचीं नांवें वारंवार भेटतात अशा स्थळांत त्याची गणना होत नाहीं. आम्ही उभयतां तेथें गेलों तेंही स्थलदर्शनासाठीं नव्हे. आमची थोरली बहीण तेथें दिली आहे, आणि पुष्कळ वर्षांत तिच्या घरीं चार दिवस निवांत राहाणें झालें नव्हतें, एवढेंच निमित्त होतें.

तरी गांवाला त्याचा इतिहास आहे. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरांत पिंपळनेर हा तालुका म्हणून नोंदलेला आहे. तालुक्याचा मान साक्रीला मिळाला तो त्यानंतर. कचेरी गेली तरी बाजार राहिला. कांद्याच्या हंगामांत येथील रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते, आणि बाजारांत उभें राहिलें तर अहिराणी, कोकणी, भिलोरी आणि आपली पुस्तकी मराठी अशा चार तऱ्हा एकाच भावतोलांत ऐकूं येतात. गांवाच्या वरच्या बाजूस लाटीपाड्याचें धरण आहे. तेथून निघालेली पांझरा साक्री, धुळें करीत पूर्वेस जाते आणि मग उत्तरेस वळून मुडावद येथें तापीला मिळते.

या नदीचें खरें वैभव तिच्या पाण्यापेक्षां पाणी वांटण्याच्या रीतींत आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या कांठीं तीन-चारशें वर्षांपासून 'फड' नांवाची पद्धति चालत आली. नदीवर बंधारा घालावयाचा, त्यांतून पाट काढावयाचा, आणि पाटाखालील सारी जमीन तीन-चार मोठ्या फडांत विभागावयाची. एका फडांत एका हंगामास एकच पीक: एकांत ऊंस, एकांत गहूं, एकांत आणखी कांहीं, पुढील वर्षीं पिकांची फिरवाफिरव. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, हवालदार त्यांजवर देखरेख ठेवतो, आणि त्यांचा मोबदला सर्वांनीं मिळून द्यावयाचा. परंतु या योजनेची खरी खुबी निराळीच आहे. प्रत्येक शेतकऱ्याची थोडथोडी जमीन प्रत्येक फडांत असते. त्यामुळें टंचाईच्या सालीं एखादा फड पडीक ठेवावा लागला तर तोटा कोणा एकाचा होत नाहीं. सर्वांचा सारखा होतो. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणें झालीं, विहिरी व पंप आले, आणि पुष्कळ ठिकाणीं ही घडी विसकटली. तथापि जेथें बंधारे व पाट शाबूत आहेत तेथें जुनीं माणसें अजून फडाच्या भाषेंत बोलतात.

हा पाण्याचा पाल्हाळ सकारण आहे. बहिणीच्या घरीं आम्ही पोंचलों तों तेथेंही पाण्यावरूनच वाद चालला होता. मात्र तें पाणी कांचेंतलें होतें.

आमचे भावोजी शिक्षक. माणूस निर्व्यसनी, मितभाषी, आणि घरच्या मंडळींत राहूनही एकांत शोधणारा. गेल्या सहा-सात वर्षांत त्यांना मासे पाळण्याचा छंद जडला. प्रथम बरणींत एक लढाऊ मासा आला, मग दोन फुटी पेटींत सोनेरी मासे आले, आणि शेवटीं सोप्यांत चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी कांचेची टांकी बसली. नऊ घनफूट म्हणजे सुमारें २५५ लिटर पाणी. त्यांत भावोजींनीं ठेविले ते 'डिस्कस' जातीचे मासे. थाळीसारखे गोल व चपटे, अंगावर निळ्या-तांबड्या रेघांची नक्षी. दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीचे हे रहिवासी. १८४० सालीं हेकेल नांवाच्या ऑस्ट्रियन पंडितानें त्यांचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें. त्यांना २८ ते ३० अंश उष्णतेचें, मृदु, किंचित् आम्लधर्मी आणि अत्यंत स्वच्छ पाणी लागतें. खानदेशच्या काळ्या कातळांतील विहिरींचें पाणी याच्या अगदीं उलट, जड व क्षारयुक्त. तेव्हां ॲमेझॉनचें पाणी पिंपळनेरांत तयार करणें भावोजींस भाग पडलें.

हा छंद पोरकट आहे असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचविलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' हें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत माशांच्या कित्येक जाती, त्यांचें खाद्य व त्यांच्या संवयी वर्णिल्या आहेत. तेथील विनोद गळ टाकण्याचा होता हें खरें. पण माशाची संवय ओळखल्याशिवाय गळही टाकतां येत नाहीं. युरोपांत कांचेच्या पात्रांत जलचर राखून त्यांचें निरीक्षण करण्याची युक्ति १८३२ च्या सुमारास सिसिलींत काढली ती झान व्हिलप्रू-पॉवर या एका फ्रेंच स्त्रीनें, आणि ही बाई मूळची शिवणकाम करणारी होती! आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि सहलीस गेलेल्या महाराष्ट्रांतील मुलांच्या किती पिढ्या त्या कांचांना नाक लावून उभ्या राहिल्या याची गणती नाहीं. भावोजीही त्यांतलेच एक. लहानपणीं पाहिलेला तो हिरवट उजेड आपल्या घरांत असावा, एवढीच मूळची इच्छा.

परंतु इच्छा लहान असली तरी तिचा संसार मोठा होतो. टांकीचें पाव पाणी, म्हणजे सुमारें ६४ लिटर, आठवड्यांतून दोनदां बदलावें लागे. त्यासाठीं पाणी शुद्ध करण्याचें यंत्र बसविलें. असें घरगुती यंत्र एक लिटर पाणी गाळून देतांना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकतें. म्हणजे आठवड्याकांठीं विहिरींतून चारशें ते पांचशें लिटर पाणी उपसावयाचें, तें केवळ माशांसाठीं. वीस वॅटचा पंप अहोरात्र चाले, त्याचे महिन्यास चौदा युनिट. हिंवाळ्यांतील रात्रीं पाणी ऊन ठेवणाऱ्या दांडीची वीज वेगळी. शिवाय खाद्य. गोठविलेल्या तांबड्या अळ्यांचें पाकीट जेव्हां फ्रिजच्या वरच्या कप्प्यांत, विरजणाच्या पातेल्यावर, प्रगट झालें तेव्हां ताईच्या सासूबाईंनीं, ज्यांनीं आजवर मत्स्यावतार म्हणून माशांना रोज हात जोडले होते, दोन दिवस दह्याला हात लावला नाहीं.

आणि आतां भावोजींच्या मनांत सहा फुटी टांकी होती. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. जागा माडीवर, खर्च सरंजामासह साठ हजारांवर. पैसे होते, पण ते स्वैंपाकघराचें गळकें छप्पर उतरविण्यासाठीं व धाकट्या मुलीला नाशिकला शिकावयास पाठविण्यासाठीं बाजूस काढलेले. भावोजींचें म्हणणें असें, कीं छप्पर आणखी एक पावसाळा निभेल. ताईनें 'हो'ही म्हटलें नव्हतें व 'नाहीं'ही म्हटलें नव्हतें. पंधरा दिवस घरांत त्या विषयावर एक अक्षर निघालें नव्हतें, आणि हें मौन घरांतील लेंकरांनासुद्धां जाणवत होतें.

पहिल्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओट्यावर बसलों असतां आमच्या सौभाग्यवतीनें सहज विचारलें, "ताई, तुम्हांला मासे आवडत नाहींत का हो?"

"आवडत नाहींत असें कोण म्हणतें?" ताई म्हणाली. "संध्याकाळीं दिवा लावला कीं पांच मिनिटें मी तेथेंच बसतें. हिशेब मला निराळा विचारायचा आहे." मग आमच्याकडे वळून ती म्हणाली, "तूंच सांग. चोवीस घनफूट पाणी म्हणजे सातशें लिटरच्या घरांत. सात क्विंटल वजन झालें. कांद्याच्या चौदा गोण्या माडीवर रचूं का असें मी यांना विचारलें तर हे मला वेडी म्हणतील. माडीखालीं माझें देवघर आहे."

हें वजन आमच्याही ध्यानांत आलें नव्हतें. परंतु ताईची खरी तक्रार वजनाची नव्हती, पैशाचीही नव्हती. ती दुसऱ्या दिवशीं कळली, आणि तीही माजघरांत, भावोजी शाळेंत गेले असतांना.

गतवर्षीं मे महिन्यांत भावोजी उत्तरपत्रिका तपासण्यासाठीं धुळ्यास गेले होते. संध्याकाळीं वळिवाचें वादळ झालें आणि आठ वाजतां वीज गेली ती पहांटे पांचला आली. पंप थांबला. ऊन पाण्यांत प्राणवायु मुळांत कमी मावतो: २० अंशांवर लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर साडेसातच. शिवाय गाळणींतले जे सूक्ष्म जंतु माशांच्या मलमूत्राचें विष पचवितात, तेही वाहत्या पाण्यावांचून गुदमरतात. ताईला हें शास्त्र ठाऊक नव्हतें. मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले एवढें तिला दिसलें. तिनें तांब्या घेतला आणि उंचावरून पाण्याची धार धरूं लागली. भरावा आणि ओतावा, भरावा आणि ओतावा. मध्यें तास-दोन तास सासूबाईंनीं तिला सोडविलें. बाकी सारी रात्र, कंदिलाच्या उजेडांत, तिनें काढली. पांचांतले तीन मासे दगावले. सकाळीं भावोजींचा फोन आला, आणि त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो "किती वांचले?" हा.

"रात्रभर हात दुखला त्याचें कांहीं नाहीं," ताई म्हणाली. "पण 'तूं झोपलीस का' असें एकदां विचारलें असतें, तर मी आज दुसऱ्या टांकीला पदरचे पैसे दिले असते."

यावर आम्ही काय बोलणार? नवराबायकोच्या मध्यें पाहुण्यानें न्यायाधीश होऊं नये, हा जुना संकेत शहाणपणाचा आहे. आम्ही गप्प राहिलों.

रविवारीं सर्व मंडळी नदीकडे फिरावयास गेलों. बंधाऱ्याजवळ पाटाच्या कडेला ओळखीचे एक वृद्ध शेतकरी भेटले. त्यांच्या वडिलांनीं पाटकरी म्हणून उमर घालविलेली. आम्हीं फडाची माहिती विचारतांच त्यांची कळी खुलली. कोणत्या सालीं कोणता फड पडीक ठेविला हें त्यांना घरच्या लग्नांसारखें पाठ होतें. भावोजींनीं विचारलें, "ज्याच्या शेतांत ऊंस उभा आहे तो अशा सालीं पाणी सोडायला कबूल कसा होई?" म्हाताऱ्यानें हंसून अहिराणींत उत्तर दिलें, "पानी सगळास्नं शे." आणि मग आम्हांसाठीं मराठींत समजावलें, कीं ठरविणारे सर्व एकत्र बसत, आणि ज्याचा फड बंद त्याचीही जमीन चालू फडांत असेच, एकट्यानें उपाशी राहावें अशी पाळी कोणावर येतच नसे.

ताई पाटाच्या पाण्याकडे पाहत उभी होती. ती हलकेंच म्हणाली, "आमच्या घरीं टंचाईच्या सालीं माझाच फड पडीक राहतो."

बोलणें ऐकूं आलें सर्वांना, कळलें एकाला. भावोजी परतीच्या वाटेवर कांहीं बोलले नाहींत. रात्रीं मात्र त्यांनीं आपली वही काढली. त्या वहींत माशांची खरेदी, खाद्य, औषधें, पाण्याची परीक्षा, सारें तारीखवार टिपलेलें होतें. ती ताईपुढें ठेवून ते म्हणाले, "यांत मे महिन्याची ती रात्र लिहिलेली नाहीं. ती कोणत्या रकान्यांत घालूं तें तूं सांग." आम्ही उभयतां तेथून उठून अंगणांत गेलों, म्हणून पुढचें संभाषण येथें देतां येत नाहीं. दिवा मात्र बराच उशिरापर्यंत जळत होता.

सकाळीं जें ठरलेलें कळलें तें असें. सहा फुटी टांकीचा विचार सुटला. छप्पर दिवाळीपूर्वीं उतरावयाचें. छंदाचा खर्च शिकवणीच्या पैशांतून, आणि तोही महिन्याच्या ठरीव रकमेंतून. उरेल तें पुढल्या महिन्यास, पण उधार नाहीं. वीज गेल्यावर पंप चालावा म्हणून एक लहानशी बॅटरी आणावयाची, आणि भावोजी परगांवीं असतील त्या दिवसांत राखणीची जबाबदारी मोठ्या पुतण्यावर, त्याला त्याचा मोबदला देऊन. माशांचें खाद्य सोप्यांतल्या वेगळ्या लहान पेटींत. यंत्रानें टाकलेलें पाणी नळीनें न्हाणीघराच्या टांकींत न्यावयाचें, धुण्याभांड्यांसाठीं. नवे मासे घ्यावयाचे ते आपल्याच देशांतले आणि आपल्या पाण्याला सोसणारे: चट्टेरी डॅनिओ, गुलाबी बार्ब. या दोहोंचें वर्णन हॅमिल्टननें १८२२ सालींच आपल्या गंगेच्या माशांवरील ग्रंथांत केलें आहे, आणि त्यांतील डॅनिओ तर जगभरच्या प्रयोगशाळांतून शास्त्रज्ञांचा सोबती होऊन बसला आहे. किंमत थोडी, काटकपणा मोठा.

राहिले ते दोन डिस्कस. भावोजी ते नाशिकच्या एका जाणत्या शौकिनाला देण्यास तयार झाले होते. त्याला नकार दिला तो ताईनें. "हे दोन कोठें जायचे नाहींत," ती म्हणाली. "यांच्यासाठीं मी रात्र जागलें आहें. यांचें पाणी वेगळें लागतें तर लागूं दे. दोघांपुरतें माझ्या हिश्शांतून जाईल." पुस्तकी नियमानें हे मासे थव्यानें ठेवावे हें भावोजी जाणत होते, पण या वेळीं त्यांनीं पुस्तक मिटलें. तेव्हां आम्हांस त्या माशांविषयीं वाचलेली एक गोष्ट आठवली. डिस्कसचीं पिलें जन्मल्यावर पहिले कांहीं दिवस आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन जगतात. आणि एक थकला कीं तो अंग झटकून बाजूस होतो व पिलें दुसऱ्याकडे जातात. ही पाळी दोघेही सांभाळतात. ही माहिती ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मुक्या प्राण्यालासुद्धां कळतें!" आणि जपाची माळ ओढूं लागल्या. कोणाकडे पाहून म्हणाल्या तें आम्हीं विचारलें नाहीं.

घरांत छंदी माणूस असणें हें भाग्य आहे, असें आमचें मत पिंपळनेरहून परततांना अधिकच दृढ झालें. ज्याला कशाचाच नाद नाहीं त्याच्या सहवासांत घर लवकर सुकतें. परंतु एकत्र कुटुंबांतला छंद हा बंधाऱ्यावरच्या पाण्यासारखा आहे. पाट एकाचा असला तरी पाणी सर्वांच्या शेतावरून जातें. पैसा हा त्यांतला एक हिशेब. जागा, वीज, पाणी, सोंवळेंओंवळें, आणि रात्रीचें जागरण हे दुसरे, आणि हे बहुधा वहींत चढत नाहींत. सोबत्याचें 'मत' म्हणून आपण ज्याला नाक मुरडतों, तो पुष्कळदां हा न चढलेला हिशेबच असतो.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं टांकी आहे त्यांस एक विनंति. कंटाळा आला म्हणून पाळलेले परदेशी मासे नदींत किंवा तलावांत सोडूं नका. कांचेचा शेवाळ खाणारा जो 'सकर' मासा आपण गमतीनें आणतों, त्यानें भारतांतील अनेक जलाशयांत ठाण मांडून तेथील मूळच्या माशांस जेरीस आणलें आहे. माशांवर माया करावयाची तर त्यांना विकत घ्यावेंच लागतें असेंही नाहीं. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहांत काळ नदीचे महासीर मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. वैतरणेवर तिळसे येथें महादेवाच्या आश्रयानें तसेच मासे निर्भय फिरतात. तेथें मालक कोणी नाहीं, राखणदार सारा गांव आहे.

पांझरेलाही असे कांहीं डोह होते, असें तो म्हातारा शेतकरी सांगत होता. मरळ आणि वाम त्यांत उन्हाळा काढीत. पाट वाहता राहिला, वांटणी सर्वांच्या संमतीनें झाली, तर नदींतल्या पाण्याला काय किंवा कांचेंतल्या पाण्याला काय, घरांत जागा कमी पडत नाहीं. पिंपळनेरास जाणाऱ्यानें बाजार पाहावा, लाटीपाड्याचें धरण पाहावें, आणि सवड काढून एखाद्या जुन्या बंधाऱ्यावर संध्याकाळीं घटकाभर बसावें. तेथील माणसें पाणी कसें वांटत आलीं तें ऐकून घ्यावें, आणि घरीं परतल्यावर आपल्या घरांतला कोणता फड फार दिवस पडीक राहिला आहे तें एकदां पाहावें.